रिकॉलची मुदत सात वर्षं, गाडीची पंधरा

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. रस्ताकरही गाडी घेतानाच एकरकमी भरून घेतला जातो. पण कारखान्यातूनच आलेला दोष त्या गाडीत पुढे कधी उघड झाला, तर ती दुरुस्तीसाठी परत बोलवायची, म्हणजे रिकॉलची, सक्ती कंपनीवर करता येते ती गाडी सात वर्षांची होईपर्यंतच. त्यानंतर गाडी रस्त्यावर आणायला कसलीच आडकाठी नसते. विमा मिळतो, पीयूसी मिळते, आणि तिच्यातल्या मूळ दोषाला मात्र कोणी वाली उरत नाही. मधली ही आठ वर्षं कायद्याने भरून काढली पाहिजेत, आणि गोव्यासारख्या दमट, खाऱ्या हवेच्या राज्याने त्यासाठी सगळ्यांत आधी आवाज उठवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कायदा मुळात चांगला आहे, हे आधी सांगतो. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची, म्हणजे सियामची, ऐच्छिक आचारसंहिता होती. गाडी परत बोलवायची की नाही हे तेव्हा कंपनीच ठरवायची. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, आत बसलेल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतर कुणाला धोका असेल, तर केंद्र सरकार गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं. मग कंपनीने गाडीची पूर्ण किंमत द्यायची, किंवा तशीच नाहीतर तिच्याहून चांगली गाडी द्यायची, किंवा दुरुस्ती करून द्यायची. कंपनीने आपणहून दोष कळवला आणि रिकॉल जाहीर केला तर तिला दंड नाही, हीसुद्धा शहाणपणाची तरतूद आहे. पुढे मार्च २०२१ मध्ये नियम निघाले आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सक्तीच्या रिकॉलसाठी १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड त्यात ठरला. सात वर्षांची अट आली ती याच नियमांतून.

सात वर्षांत गाडीचे बरेचसे यांत्रिक दोष बाहेर पडतात, हे खरं. क्लच, गिअर, सस्पेन्शन यांत खोट असली तर ती लपून राहत नाही. विजेच्या बाबतीत तसं होत नाही. वायरिंगचा हार्नेस म्हणजे वायरींची जुडी, कनेक्टर, स्विचच्या आतली सर्किटची पाटी, ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या एबीएसचं मॉड्युल या वस्तू ओलावा, उष्णता आणि क्षार वर्षानुवर्षं पीत राहतात आणि मग एक दिवस दगा देतात. कंपनीने सील कमी दर्जाचं वापरलेलं असतं, किंवा पाटीवर संरक्षक लेप दिलेला नसतो. चूक पहिल्या दिवसापासून आत असते, ती दिसायला मात्र आठ-दहा वर्षं जातात.

ही माझी कल्पना नाही. अमेरिकेत शेव्हरोले ट्रेलब्लेझर आणि जीएमसी एन्व्हॉय या एसयूव्हींच्या २००५ ते २००७ च्या मॉडेलांत चालकाच्या दाराच्या खिडकीच्या स्विचमध्ये पाणी शिरून शॉर्ट सर्किट होत होतं, आणि काही गाड्यांना त्यातून आग लागली. पहिला रिकॉल २०१२ चा. मॉड्युलवर संरक्षक लेप द्यायची दुरुस्ती झाली. ती पुरेशी नव्हती. दुरुस्त केलेल्या गाड्याही पेटल्या, आणि २०१४ मध्ये कंपनीला नव्याने रिकॉल काढून मालकांना सांगावं लागलं की काम होईपर्यंत गाडी उघड्यावर उभी करा. २००५ ची गाडी २०१४ मध्ये नऊ वर्षांची झाली होती. आपला नियम तिथे असता तर ती सक्तीच्या बाहेर राहिली असती.

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण याहून गंभीर. किल्ली आपोआप सरकायची, इंजिन बंद पडायचं, पॉवर स्टिअरिंग जायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. पुढे नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंची जबाबदारी मान्य केली. कंपनीतल्या अभियंत्यांना या स्विचची खोट बरीच वर्षं ठाऊक होती. मधल्या काळात स्विच बदललाही गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे शोध घेणाऱ्यांना बदल झाल्याचं कळेचना. रिकॉल निघाला तो २०१४ मध्ये, आणि त्यातही २००३ पासूनच्या गाड्या होत्या. अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये, ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत ३३ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. एबीएसच्या मॉड्युलमध्ये द्रव झिरपून शॉर्ट सर्किट व्हायचं, अगदी गाडी बंद करून उभी असतानाही. त्या यादीत २०१० ची मॉडेलं होती, म्हणजे तेरा वर्षांच्या गाड्या. तिथल्या कायद्यात रिकॉलची दुरुस्ती विनामूल्य मिळायची मुदत १५ वर्षं आहे. आधी ती दहा होती, २०१५ मध्ये वाढवली. दोष उशिरा उघडे पडतात हे तिथे पटलं, म्हणून मुदत वाढली.

टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांचं उदाहरण तर गोव्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवं. एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यात अमोनियम नायट्रेट होतं. उष्ण आणि दमट हवेत ते वर्षानुवर्षं बिघडत जायचं, आणि अपघाताच्या क्षणी डबाच फुटून धातूचे तुकडे माणसाच्या गळ्यात-छातीत घुसायचे. मोटारींच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा रिकॉल. भारतातही अनेक कंपन्यांना त्यासाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अमेरिकेने दुरुस्तीचा क्रम लावला तो हवामान पाहून. फ्लोरिडा, हवाई, पोर्टो रिको अशा उष्ण, दमट भागांतल्या गाड्या आधी. आपल्या नियमांत हवामानाला कुठे जागाच नाही.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मिरामार, कांदोळी, वास्को, बेतुल या किनाऱ्याच्या पट्ट्यात हवेतच मीठ असतं. जूनपासून चवथीपर्यंत गाडी आतून कधी पूर्ण सुकतच नाही. पायाखालचा गालिचा उचलून पाहिला तर त्याखालचा फेल्ट ओला लागतो, आणि बहुतेक गाड्यांत वायरिंगची जाडजूड जुडी नेमकी त्याच फेल्टखालून मागे जाते.

माझी स्वतःची एसयूव्ही डिझेलची, बरीच जुनी. चोर्ला घाटात धुक्यातून उतरत असताना तिचा अख्खा क्लस्टर, म्हणजे चालकासमोरचं वेग-इंधन दाखवणारं पॅनेल, एकदम काळा पडला, त्याबरोबर हेडलाइटही गेले आणि काही क्षणांनी सगळं आपसूक परत आलं. कुटुंब गाडीत होतं. मागून मालाचा ट्रक येत होता. दुसऱ्या दिवशी चासी नंबर टाकून शोधल्यावर कळलं की याच मॉडेलच्या एका मॉड्युलसाठी कंपनीने रिकॉल काढलेला आहे आणि माझ्या गाडीचं काम बाकी आहे. पत्र गेलं होतं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, आणि तो ते घर सोडून केव्हाच गेला होता. त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण हा एका कंपनीचा प्रश्न नाही. अधिकृत वर्कशॉपने गाडी ठेवून घेतली, पार्ट पुण्याहून यायचा म्हणून पुष्कळ दिवस थांबवलं आणि शेवटी मॉड्युल बदलून दिलं. जॉब कार्डावर काम पूर्ण झाल्याचा शिक्का पडला. पहिल्या मोठ्या पावसात क्लस्टर पुन्हा काळा. मग सर्व्हिस ॲडव्हायझरचं उत्तर असं की रिकॉलचं काम सिस्टममध्ये बंद झालंय, हा वेगळा दोष आहे, तपासणीचे पैसे लागतील. त्यांनी स्कॅनर लावला. गाडी तेव्हा ठीक चालत होती, त्यामुळे कार्डावर लिहिलं गेलं, ‘तक्रार आढळली नाही.’

खरं कारण म्हापशाच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने काढलं. त्याने डाव्या बाजूची, पायापाशी असलेली प्लास्टिकची पट्टी काढली. आत बॉडीला बोल्टने आवळलेला अर्थिंगचा पॉइंट होता, चार-पाच काळ्या वायरी एकाच बोल्टला. बोल्टच्या बुडाशी गंज, आणि शेजारच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवी पूड. मल्टिमीटर लावून त्याने मला वाचन दाखवलं. गाडी नुसती उभी असताना सगळं बरोबर, स्टार्टर फिरवला की त्या अर्थवर व्होल्टेज अडत होतं. ‘भाऊ, मॉड्युल कितीही बदलली तरी काय होणार? अर्थच कुजलाय,’ तो म्हणाला. मग त्याने खालचं रबरी सील दाखवलं. एसीचं पाणी जिथून बाहेर पडायला हवं, तिथून ते आत याच पॉइंटवर येत होतं. म्हणजे मॉड्युल वारंवार का जातं याचं मूळ त्या सीलमध्ये होतं, आणि रिकॉलच्या दुरुस्तीत त्या सीलला कोणी हातही लावला नव्हता.

ट्रेलब्लेझरच्या बाबतीत हेच घडलं होतं. जिथे लक्षण दिसलं त्या भागावर लेप दिला, पाणी येतं ती वाट तशीच ठेवली. म्हणून मुदतीइतकंच दुरुस्तीच्या व्याख्येकडे पाहायला हवं असं मला वाटतं. आज कंपनीच्या संगणकात पार्ट बसवल्याची नोंद झाली की रिकॉल संपला. तो संपला की नाही हे ठरवताना गाडीने एक पूर्ण पावसाळा बिनतक्रार काढला का, हे पाहिलं पाहिजे. त्या काळात तोच बिघाड पुन्हा आला, तर तो वेगळा दोष असल्याचं सिद्ध करायचं ओझं वर्कशॉपवर असावं. मालकाकडे ना वायरिंगची आकृती असते, ना कंपनीचा स्कॅनर. त्याने काय आणि कसं सिद्ध करायचं?

ही माहिती स्थानिक मेस्त्रीलाही मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं फक्त अधिकृत डीलरांनाच देऊन बाहेरच्या गॅरेजांना बाजारातून हुसकावलं जातं, हा त्या आदेशाचा गाभा होता. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं. तरी म्हापसा, फोंडा, डिचोलीतला हुशार इलेक्ट्रिशियन आजही मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि अनुभव यांवरच काम करतो. रिकॉल झालेल्या मॉडेलांच्या तपासणीची माहिती निदान या लोकांसाठी खुली असायला हरकत काय आहे?

आता तक्रारींच्या आकड्याकडे येतो, कारण गोव्यावर खरा अन्याय इथे होतो. रिकॉल सुरू होण्यासाठी किती तक्रारी हव्यात, हे नियमांनी त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीशी बांधलं आहे. ही विक्री देशभरातली. खाऱ्या हवेने सडणारा कनेक्टर राजस्थानात सडणार नाही, मध्य प्रदेशात सडणार नाही. तो सडेल गोव्यात, कोकणात, केरळात, मुंबईच्या किनाऱ्याला. देशभरच्या विक्रीच्या प्रमाणात तक्रारी मोजल्या, तर किनाऱ्यावरचा दोष त्या आकड्यापर्यंत पोचायच्या आत इथल्या गाड्या भंगारात गेलेल्या असतील. गोव्याची लोकसंख्या ती किती, आणि इथल्या एका मॉडेलच्या गाड्या किती! म्हणून किनारी जिल्ह्यांसाठी तक्रारींचा वेगळा, तिथल्याच नोंदणीवर बेतलेला निकष हवा. आणि दोष एका प्रदेशात सिद्ध झाला की दुरुस्ती मात्र देशभर मिळावी, कारण गाड्या राज्य बदलतात. अमेरिकेतला २०१२ चा ट्रेलब्लेझरचा रिकॉल काही थंड राज्यांपुरताच काढला होता आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवावी लागली. ती चूक आपण पुन्हा करायला नको.

देश सोडून गेलेल्या कंपन्यांचं काय, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. त्यांच्या गाड्या गोव्याच्या रस्त्यांवर आजही आहेत, आणि ज्यांनी घेतल्या त्यांनी कर्ज काढून घेतल्या होत्या. कारखाना बंद करायची परवानगी देताना शेवटची विकलेली गाडी पंधरा वर्षांची होईपर्यंत रिकॉलची सोय कोण करणार, त्यासाठी पैसे कुठे ठेवलेत, हे लेखी घेतलं पाहिजे. खाण कंपनीकडून खाण बंद करतानाच्या कामाची हमी घेतात, हे गोव्याला समजावून सांगायची गरज नाही.

कंपन्यांचे आक्षेप मी ऐकून आहे. त्यांतला एक खरोखर वजनदार आहे. जुन्या गाडीत मालकाने बाहेरून म्युझिक सिस्टम, फॉग लॅम्प, एलईडी पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यासाठी मूळ वायरी कापून जोड दिलेले असतात, पावसाळ्यात उंदीरही वायरी खातात. यातून लागलेल्या आगीची जबाबदारी कंपनीने का घ्यावी? घेऊ नये. पण मग जोड कुठे आहे आणि जळालेली जागा कुठे आहे, हे उघडून, फोटो काढून दाखवावं. ‘बाहेरचं काम केलंय’ एवढ्या एका वाक्यावर अख्खी गाडी नाकारणं चालणार नाही. दुसरा आक्षेप, जुन्या गाडीचा मालक सापडत नाही. तो मला मान्य नाही. सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी पोर्टलवर गाडीचा मालक, पत्ता आणि मोबाइल नंबर असतो. चलन फाडायला सरकारला मालक सापडतो, तो रिकॉलसाठीही सापडेल.

आणि जे म्हणतात की जुनी गाडी भंगारात काढा, नवी घ्या, त्यांनी एकदा सत्तरीच्या किंवा काणकोणच्या आतल्या गावातून रात्री आठनंतर बाहेर पडून दाखवावं. कदंबची शेवटची बस गेली की घरात उभी असलेली ती जुनी गाडीच आजारी माणसाला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचवते. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर एप्रिल २०२२ पासून त्यासाठी पाच हजार रुपये मोजावे लागतात. लोक ते भरतात, कारण त्यांना गाडी लागते. सरकार पैसे घेऊन ती गाडी चालवायला परवानगी देतं, तेव्हा ती मुळात सदोष नाही ना, एवढं विचारायची जबाबदारी सरकारवर येते.

सात वर्षांची अट बदलणं केंद्राच्या हाती आहे. पण बरंच काही पणजीतूनही होऊ शकतं. गाडीचं हस्तांतरण होतं तेव्हा फॉर्म २९ आणि ३० भरले जातात, नूतनीकरणाला फॉर्म २५ लागतो. त्या वेळी चासी नंबरवरून बाकी रिकॉल तपासून त्याचा कागद नव्या मालकाच्या हातात देणं वाहतूक खात्याला जड नाही. जपानने २०१८ पासून टाकाटाचं काम न केलेल्या गाड्यांना तपासणीत पास करणं बंद केलं. जर्मनीत रिकॉलची दुरुस्ती टाळणाऱ्या गाडीची नोंदणी रद्द होऊ शकते. लगेच एवढं कडक व्हावं असं मी म्हणत नाही. पार्टच मिळत नसताना मालकाला शिक्षा करणं अन्यायाचं होईल. आधी निदान माहिती द्यावी. माझ्या गाडीची माहिती मला हस्तांतरणाच्या दिवशीच मिळाली असती, तर चोर्ल्याच्या धुक्यात ती प्रकाशाविना गेली नसती.

वैयक्तिक लढाईचे मार्ग आहेत आणि ते वापरलेच पाहिजेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष उत्पादनाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हा आयोगांकडे वकील न लावताही जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र सांभाळावी लागते, म्हणून प्रत्येक जॉब कार्ड जपून ठेवा, ‘तक्रार आढळली नाही’ असं लिहिलेलंसुद्धा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत बोलवायचा अधिकार आहे. पण एकेका माणसाने एकेका गाडीसाठी आयोगाच्या पायऱ्या झिजवायच्या आणि तोच दोष असलेल्या बाकीच्या गाड्या तशाच फिरत राहायच्या, हे मला पटत नाही.

वाहतूक खात्याला सुरुवात कुठून करायची असेल तर ती काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या गाड्यांपासून करावी. टॅक्सींप्रमाणे या गाड्याही दर काही काळाने फिटनेससाठी खात्यासमोर येतातच. त्यांत बसणारा पर्यटक गाडीचा इतिहास विचारू शकत नाही, त्याला चासी नंबरही ठाऊक नसतो. बाकी रिकॉल असेल तर फिटनेसच्या नोंदीत तो लिहावा, पार्ट मागवल्याची पावती मालकाने जोडावी, आणि ठरलेल्या मुदतीत पार्ट आला नाही तर खात्याने कंपनीला जाब विचारून तो पत्रव्यवहार जाहीर करावा. कोणत्या कंपनीचे किती पार्ट गोव्यात अडकलेत हे दर महिन्याला वर्तमानपत्रात छापून आलं, की पुण्याहून यायला लागणारा वेळ नक्की कमी होईल.